ज्यू डेलीत काय मागवावं, कसं खावं, आणि ते तसं का असतं

न्यूयॉर्कमधल्या जुन्या ज्यू डेलीचं, म्हणजे खारवलेल्या मांसाच्या यहुदी दुकान-खानावळीचं, मेन्यूकार्ड पहिल्यांदा हातात घेतलं की गोंधळायला होतं. गोमांसाचेच पाच-सहा प्रकार दिसतात. एका दुकानात सँडविचवर चीज मिळतं, दुसऱ्या दुकानात चीज हा शब्दच कार्डावर नसतो. कॉफीत दूध मागितलं तर कुठे दूध येतं, कुठे दूध नसलेलं क्रीमर. वरवर पाहता हा विस्कळीत कारभार वाटतो, पण तो दोन गोष्टींतून आला आहे: यहुदी धर्मातले खाण्यापिण्याचे नियम, आणि पूर्व युरोपातून आलेल्या गरीब कुटुंबांना परवडणारं स्वस्त, चिवट मांस. या दोन धाग्यांना धरून राहिलं की सगळं कार्ड वाचता येतं.

1880 नंतर रशियन साम्राज्य, पोलंड, रुमानिया या भागांतून लाखो यहुदी अमेरिकेत आले आणि त्यांतले पुष्कळसे मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड या दाटीवाटीच्या वस्तीत राहिले. खारवलेलं मांस, सॉसेज विकणारी जर्मन दुकानं तिथे आधीपासून होती. तोच साचा घेऊन यहुदी दुकानदारांनी धर्मनियमांत बसणारा, म्हणजे कोशर, माल विकायला सुरुवात केली, मग दोन टेबलं टाकली, आणि दुकानाचं खानावळीत रूपांतर झालं. हाउस्टन स्ट्रीट आणि लडलो स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची काट्झ डेली आपली सुरुवात 1888 ची सांगते.

दूध एकीकडे, मांस दुसरीकडे

कोशर म्हणजे धर्मनियमांत बसणारं. पहिला नियम प्राण्याचा: खूर दुभंगलेले आणि रवंथ करणारा प्राणी चालतो. गाय, मेंढी चालते, डुक्कर चालत नाही. माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत, म्हणून कोळंबी, खेकडा, तिसऱ्या बाद. दुसरा नियम रक्ताचा: मांस अर्धा तास पाण्यात भिजवायचं, मग तासभर मीठ लावून उतरत्या फळीवर ठेवायचं आणि नंतर तीन वेळा धुवायचं. काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, रक्त इतकं असतं की मिठाने भागत नाही, ते उघड्या आचेवरच भाजावं लागतं. डेलीतल्या ‘चॉप्ड लिव्हर’ला भाजल्याचा जो हलकासा कडसर वास असतो, त्याचं मूळ तिथे आहे.

तिसरा नियम डेलीचं कार्ड ठरवतो. मांस आणि दुग्धजन्य पदार्थ एकत्र शिजवायचे नाहीत, एका जेवणात खायचे नाहीत. भांडी वेगळी, मांस खाल्ल्यावर दूध घेण्यापूर्वीची वाट पाहण्याची वेळही ठरलेली. अनेक घरांत सहा तास, जर्मन परंपरेत तीन. अंडी, मासे, धान्य, भाज्या, फळं हे दोन्हींच्या मधले. त्यांना ‘पारेव्ह’ म्हणतात. मासा दुधाबरोबर चालतो, पण मांसाच्याच पदार्थात घालून शिजवत नाहीत.

महाराष्ट्राला ही शिस्त अनोळखी नाही. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाने ती मराठी स्वयंपाकात पिढ्यान्‌पिढ्या पाळली आहे. मटणाच्या रश्शात दही किंवा दुधाऐवजी नारळाचं दूध, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव. पूर्व युरोपात नारळ नव्हता, तिथे त्याच नियमाने वेगळं उत्तर काढलं: लोणी मांसाबरोबर चालत नाही, डुकराची चरबी मुळातच चालत नाही, म्हणून कोंबडीची किंवा हंसाची चरबी. तिला ‘श्माल्झ’ म्हणतात. डेलीच्या जेवणाची चव जिथे सांगता येत नाही तिथे बहुतेक वेळा श्माल्झ असतं.

आता दुकान ओळखायचं कसं? मांसाच्या डेलीच्या दारावर कोशर प्रमाणपत्र लावलेलं असेल तर आत दूध-चीज नाही. 1954 मध्ये सुरू झालेली आणि आता पूर्व 33व्या रस्त्यावर असलेली सेकंड अव्हेन्यू डेली अशी आहे. काट्झ ही मात्र ‘कोशर-स्टाइल’, म्हणजे पदार्थ त्याच परंपरेतले, नियमांचं बंधन नाही. ती शनिवारीही उघडी असते. यादीत रूबेन सँडविच शोधा. कॉर्न्ड बीफ, स्विस चीज, आंबवलेला कोबी आणि रशियन ड्रेसिंग (मेयोनीजचा आंबट-तिखट सॉस) असं हे सँडविच खऱ्या चीजसह मिळत असेल तर दुकान कोशर नाही. कोशर दुकानात रूबेन दिसलंच तर त्यातलं चीज दुधाचं नसतं. कोशर पाळणाऱ्या मित्राला जेवायला न्यायचं असेल तर ‘कोशर-स्टाइल’ या शब्दावर विसंबू नका. प्रमाणपत्र कोणाचं आहे हेही त्यालाच आधी विचारा, कारण शनिवारी उघडं असणारं दुकान काही कुटुंबांना प्रमाणपत्र असूनही चालत नाही.

पास्ट्रामी म्हणजे नेमकं काय

पास्ट्रामी आणि कॉर्न्ड बीफ दोन्ही गोमांस आहेत, हे आधी स्पष्ट सांगतो, कारण नावावरून ते कळत नाही. दोन्ही प्राण्याच्या पुढच्या भागातून येतात. मागच्या भागातली मांडीची मोठी नस आणि निषिद्ध चरबी काढून टाकणं फार कष्टाचं असल्याने अमेरिकेत कोशर खाटीक तो भाग सहसा वापरतच नाहीत. उरतो छातीचा भाग, म्हणजे ब्रिस्केट, आणि त्याच्या मागचा पोटाकडचा चरबीदार पट्टा, ज्याला धंद्यात नेव्हल म्हणतात. या भागांत कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन भरपूर असतं. साध्या तव्यावर भाजलं तर चामड्यासारखं लागेल. म्हणून खारवणं, धूर आणि वाफ असा लांबचा प्रवास.

परंपरेने पास्ट्रामी नेव्हलची आणि कॉर्न्ड बीफ ब्रिस्केटचं. दोन्ही आधी खारात मुरतात: मीठ, थोडी साखर, लसूण, मसाले आणि सोडियम नायट्राइट. नायट्राइटमुळे मांस शिजल्यावरही गुलाबी राहतं, आणि बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढत नाहीत. तो गुलाबी रंग पाहून ‘कच्चं आहे’ म्हणून ताट परत पाठवू नका. इथून पुढे वाटा फुटतात. कॉर्न्ड बीफ मंद आचेवर उकडतात, संपलं. पास्ट्रामीला ठेचलेली काळी मिरी आणि धणे यांचा जाड थर लावतात, मग मंद धुरात ठेवतात, आणि शेवटी वाफवतात. मूळ पदार्थ रुमानियन यहुद्यांबरोबर आला. तिकडे हंसाचं मांसही असं करत. अमेरिकेत गोमांस स्वस्त पडलं.

मुरण्याचा वेळ हा दुकानादुकानातला मोठा फरक. कारखान्यात सुयांनी खार थेट मांसात टोचतात, काम दोन-तीन दिवसांत होतं. काट्झचं म्हणणं असं की त्यांच्याकडे मांस तीस दिवसांपर्यंत मुरतं. टोचलेल्या मांसात पाणी जास्त असतं. ते वाफेत बाहेर येतं आणि तुकडा स्पंजसारखा लागतो. चव चांगली पण पोत विचित्र असेल तर कारण बहुधा हेच.

शेवटची वाफ मात्र सगळ्यांत निर्णायक. कोलॅजन साधारण 70 अंश सेल्सियसच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होतं आणि तुकड्याच्या पोटातलं तापमान 93 ते 95 अंशांपर्यंत गेलं की मांस लिबलिबीत मऊ पडतं. याला काही तास लागतात, आणि वजन बरंच घटतं. दुकानदाराचा तोटा इथेच असतो, म्हणून अनेक ठिकाणी वाफ अर्ध्यावर थांबवतात आणि उरलेला चिवटपणा लपवायला मशिनवर कागदाएवढे पातळ काप काढतात. पूर्ण वाफवलेलं मांस मशिनवर चुरतं. ते हातानेच, जाडसर कापावं लागतं. त्यामुळे काउंटरमागे सुरी चालताना दिसली तर तो थाट नसतो. मांस नीट वाफवल्याची ती खूण आहे.

कापही उलट दिशेने हवा. स्नायूच्या धाग्यांना आडवं कापलं की धागे आखूड होतात आणि दाताला सोपे जातात. ब्रिस्केटमध्ये दोन स्नायू एकावर एक असतात आणि त्यांचे धागे वेगवेगळ्या दिशांना जातात, म्हणून चांगला कापणारा मधेच तुकडा वळवतो. लांब दोरे दाढेत अडकत असतील तर कापणाऱ्याने तो वळवला नाही.

‘लीन’ की ‘ज्यूसी’ असं विचारलं तर पहिल्या वेळी ज्यूसी सांगावं. लीन म्हणजे चरबी काढलेला भाग. दोन मिनिटांत तो कोरडा पडतो आणि मग मोहरीच खावी लागते. मधला मार्ग हवा असेल तर ‘मीडियम’ म्हणा. माँट्रियलमध्ये 1928 पासूनच्या श्वार्ट्झमध्ये हाच शब्द सर्रास चालतो. तिथे या पदार्थाला स्मोक्ड मीट म्हणतात, तो ब्रिस्केटचा असतो आणि त्यात साखर कमी, मिरी जास्त. लॉस एंजेलिसच्या लँगर्समध्ये (1947) पास्ट्रामीवर स्विस चीज, कोलस्लॉ (कोबीची कोशिंबीर) आणि रशियन ड्रेसिंग घालून ‘नंबर 19’ देतात. आमच्या मते पहिली पास्ट्रामी मात्र साधीच खावी.

गोमांस खात नसाल तर टर्की पास्ट्रामी बहुतेक ठिकाणी असते: तीच मिरी, तेच धणे, तोच धूर. चरबी नसल्याने ती कोरडी असते, पातळ काप आणि थोडी जास्त मोहरी मागा.

काउंटरवरची रीत

काट्झची पद्धत नवख्याला बुचकळ्यात टाकते. दारात प्रत्येकाच्या हातात एक तिकीट देतात. सँडविच, हॉट डॉग, पेयं यांचे काउंटर वेगळे. जिथे जे घ्याल तिथला माणूस तिकिटावर रक्कम लिहितो आणि बाहेर पडताना त्याचे पैसे द्यायचे. चौघांचं एकाच तिकिटावर लिहून घेतलं तरी बाकीची तीन कोरी तिकिटं परत द्यावीच लागतात. तिकीट हरवलं तर 50 डॉलरचा भुर्दंड बसतो. लहान मुलांची तिकिटं आईवडलांनी स्वतःजवळ ठेवावीत.

मांस कापणाऱ्यासमोर रांगेत उभं राहिलं की तो बशीत एक-दोन काप चाखायला देतो. ते खाऊन तिथल्या तिथे सांगायचं: आणखी चरबीचं हवं, कमी चालेल. समोरच्या भांड्यात एक-दोन डॉलर टाकायची रीत आहे. रांगेचा कंटाळा असेल तर भिंतीलगतच्या टेबलांवर वेटर येतो. तिथे नेहमीची 18 ते 20 टक्के टिप.

सँडविचमध्ये पाव किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त मांस असतं आणि किंमत 25 डॉलरच्या पुढे जाते. दोघांत एक पुरतं. काही दुकानं वाटून खाण्याचे वेगळे पैसे घेतात, तेव्हा आधी विचारावं. चौघांसाठी योग्य मागणी: दोन सँडविच, दोन वाट्या मॅत्झो बॉल सूप, एक क्निश, एक लाटकेची प्लेट (हे पदार्थ काय ते पुढे येईलच). काकड्या बहुतेक जुन्या डेलींत आपोआप टेबलावर येतात.

ब्रेड राय हवा, बहुधा शहाजिऱ्याचा. राय या धान्याच्या पिठाचा किंचित आंबटपणा चरबी तोडतो, आणि मऊ पांढरा ब्रेड या मांसाच्या वाफेने दोन मिनिटांत गळून पडतो. टोस्ट करायला सांगू नका, कडक पापुद्रा टाळू खरवडतो आणि मऊ मांस बाजूने निसटतं. मोहरी तपकिरी, तिखट, दाणेदार. मेयोनीज मागू नये, असं जुने गिऱ्हाईक का सांगतात याला पक्कं कारण आहे: चरबीवर चरबी चढते आणि मिरी-धण्यांची चव बुजते. मोहरीतला आंबट तिखटपणा नेमकं उलटं काम करतो. आणि सँडविच आल्याबरोबर खावं. फोटोत पाच मिनिटं गेली की चरबी थिजायला लागते.

काकडी

टेबलावर दोन रंगांच्या काकड्या येतात. हिरवीगार ती ‘हाफ-सावर’, शेवाळी ती ‘फुल-सावर’. दोन्हींत व्हिनेगर नाही, तेल नाही. मिठाच्या पाण्यात काकडीवरचेच लॅक्टिक जिवाणू वाढतात आणि आंबटपणा तयार करतात. हाफ-सावर काही दिवस ते आठवडाभर, फुल-सावर चार ते सहा आठवडे.

घरी करायची तर लिटर पाण्याला 35 ते 40 ग्रॅम मीठ हाफ-सावरसाठी, 50 ग्रॅम फुल-सावरसाठी. आयोडीन नसलेलं मीठ घेतलं तर खार स्वच्छ राहतो. बोटभर लांबीच्या, जाड सालीच्या, कोवळ्या बियांच्या काकड्या, लसूण, शेपू (फुलोऱ्यासकट असेल तर उत्तम), धणे, मोहरी, तमालपत्र. काकडीचं फुलाकडचं टोक दोन-तीन मिलिमीटर कापून टाका, हे विसरू नका: त्या टोकातली एन्झाइम्स काकडी आतून मऊ करतात. काकडी पूर्ण बुडलेली हवी, वर डोकावली की बुरशी धरते. खार गढूळ होणं आणि बुडबुडे येणं ठीक आहे. गुळगुळीत बुळबुळीतपणा किंवा घाण वास आला तर फेकून द्या. 18 ते 21 अंश हे तापमान उत्तम. मुंबईच्या उन्हाळ्यात हीच क्रिया दीड-दोन दिवसांतच पुढे पळते आणि काकडी लिबलिबते, म्हणून पहिला दिवस बाहेर ठेवून मग फ्रीजमध्ये हलवावी.

मॅत्झो बॉल

मॅत्झो म्हणजे पीठ आणि पाणी एवढ्याचीच बिनखमिराची कडक पोळी. पाणी लागल्यापासून भाजेपर्यंत 18 मिनिटांच्या आत सगळं व्हावं लागतं, नाहीतर आंबणं सुरू झालं असं मानतात. तिचा रवा करून हे गोळे बनतात: 4 अंडी, 1 कप मॅत्झोचा रवा, पाव कप श्माल्झ, पाव कप सोडावॉटर किंवा कोंबडीचं सूप, चमचाभर मीठ. मिश्रण किमान अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचं, म्हणजे रवा पाणी पितो. ओल्या हाताने अक्रोडाएवढे गोळे, हलकेच वळून, खारट उकळत्या पाण्यात सोडायचे, आच मंद करायची आणि झाकण घालून 30 ते 40 मिनिटं सोडून द्यायचं. गोळे दुप्पट होतात.

पाणी खळखळा उकळलं किंवा मिश्रण थंड केलं नाही तर गोळे फुटतात. मध्यभाग कडक राहिला तर रवा जास्त पडला, दाबून वळले किंवा झाकण सारखं उघडलं. गोळा वेगळा उकडून मगच सुपात घालतात, म्हणजे सूप गढूळ होत नाही. डेलीत सूप नितळ असावं, वर सोनेरी चरबीचे थेंब असावेत. हलके गोळे आवडणारे आणि घट्ट गोळे आवडणारे असे दोन पक्ष आहेत आणि ते एकमेकांचं कधी ऐकत नाहीत.

मांस न खाणाऱ्यांनी

शाकाहारी माणूस डेलीत अडकत नाही, पण प्रश्न विचारावे लागतात. मॅत्झो बॉल सुपात कोंबडी आहेच. किश्का म्हणजे पीठ आणि चरबीचं सारण, परंपरेने गाईच्या आतड्यात भरलेलं. लाटके म्हणजे किसलेल्या बटाट्याचे तळलेले वडे, अंड्यासह. तेलात तळले की श्माल्झमध्ये हे विचारा. क्निश, म्हणजे पातळ पिठाच्या आवरणात भरलेला बटाटा-कांदा, तोही चरबीशिवाय असू शकतो, पण खात्री करून घ्या. हाउस्टन स्ट्रीटवरची योना शिमेल क्निश बेकरी 1910 पासून हेच करते आहे. ‘पारेव्ह’ म्हणजे शाकाहारी असं समजू नका, त्यात अंडं आणि मासा बसतो.

सगळ्यांत निवांत जागा म्हणजे दुधाची बाजू. सेकंड अव्हेन्यूवरची बी अँड एच डेअरी (1938) कोशर आहे आणि तिथे मांस शिजतच नाही. अमेरिकेत डबाबंद जिन्नस घेतानाही हा नियम कामी येतो: कोशर चिन्हाशेजारी ‘डी’ हे अक्षर असेल तर तो दुधाच्या वर्गातला, त्यामुळे त्यात प्राण्याचं मांस नसतं. अंडं आणि मासा मात्र पाहावाच लागतो.

दूध आणि माशाची दुकानं वेगळी, त्यांना ‘अपेटायझिंग’ म्हणतात. हाउस्टन स्ट्रीटवरचं रस अँड डॉटर्स 1914 पासूनचं. बेगल (मधे भोक असलेला गोल ब्रेड), क्रीम चीज आणि सॅमन तिथे खावं. ‘लॉक्स’ नुसतं खारवलेलं, फार खारट. ‘नोव्हा’ सौम्य खारवून थंड धुरात ठेवलेलं. पहिल्यांदा नोव्हा घ्या. गिऱ्हाईक बरेचदा दोन्हींना लॉक्सच म्हणतात, त्यामुळे काउंटरवर स्पष्ट विचारावं.

पेयांत डॉक्टर ब्राउन्सचा सेल-रे हा सेलरीच्या बियांचा सोडा घ्या. विचित्र वाटतो, पण चरबीवर उतारा आहे. एग क्रीममध्ये अंडंही नाही आणि क्रीमही नाही: दोन मोठे चमचे चॉकलेट सिरप, पाव कप थंड दूध, वरून जोराने सोडावॉटर आणि लगेच ढवळणं. दूध असल्याने कोशर मांसाच्या डेलीत ते मिळत नाही.

घरी न्यायचं असेल तर मांस, ब्रेड आणि मोहरी वेगवेगळी बांधून घ्या. तयार सँडविच वाटेत ओलं होतं. काप गरम करायला मायक्रोवेव्ह वापरू नका, पाणी उडून ते रबर होतात. चाळणीत एक-दोन थरांत पसरून उकळत्या पाण्याच्या वाफेवर तीन ते पाच मिनिटं ठेवा. अखंड तुकडा घेतला असेल तर तो मंद वाफेवर, सुरी सहज आत जाईपर्यंत ठेवायचा. वजनानुसार यालाच तास-दोन तास लागतात. पातेल्यातलं पाणी संपत आलं तर उकळतंच पाणी घाला. थंड पाण्याने वाफ तुटते आणि वेळ पुन्हा वाढतो.